चारनंतरचं ऊन

"आधी आपण बघून येऊ," असं म्हणून अण्णा चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागायचे. चष्मा परत नाकावर चढला की समजायचं, विषय संपला. आता बघून आल्याशिवाय हा माणूस हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. भाड्याचं घर असो की लग्नाची मुलगी, फोटोवर त्याचा विश्वास बसत नाही. अण्णांचं नाव मी इथे लिहीत नाही. दुबईच्या अल मनखूल भागात आमच्या इमारतीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत, आणि पुढे जे सांगायचं आहे ते नावानिशी सांगितलेलं त्यांना चाललं नसतं.

आमची पहिली भेट भांडणातच झाली. माझा नळ आणि पाइप-फिटिंगचा व्यापार. दुबईत आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलायचो, मग हळूहळू स्वतःचं गोडाऊन केलं. अण्णा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीची खरेदी बघायचे. मी नमुना दाखवला, भाव उतरवला, चहा पाजला. ते म्हणाले, आधी आपण बघून येऊ. दुसऱ्या दिवशी गोडाऊनवर आले आणि एकेक खोकं उघडून नळ फिरवून बघायला लागले. दिवस ऑगस्टचे, डोक्यावर पत्रा. बऱ्याच वेळाने काही नळांच्या मुठी सैल निघाल्या आणि त्यांनी सगळा माल परत पाठवला. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेठ, तुम्हाला राग आलाय हे बरोबर आहे. मूठ सैल आहे हेही बरोबर आहे."

पुढे ते आमच्याच इमारतीत राहायला आले. दोन मजले खाली, एका कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली. एकटा माणूस म्हणून माझ्या बायकोने त्यांना रविवारी जेवायला बोलावायला सुरुवात केली आणि ती पद्धतच पडली.

अण्णा मिरजेचे. बायको तिकडे शाळेत शिकवायची. सुरुवातीला त्यांच्या पगारात कुटुंबाचा व्हिसा बसत नव्हता. बसायला लागला तोवर मुलाची दहावी आली, मग बारावी, मग इंजिनिअरिंग. अण्णा वर्षातून एकदा महिनाभर घरी जायचे. मधल्या काळात बायको गेली. मुलगा शिकून म्युनिकला नोकरीला लागला. बापाने ज्या दुबईत उभा जन्म काढला, ती मुलाने पाहिलेलीच नव्हती.

दर रविवारी जेवण झाल्यावर आमच्या सोफ्यावर बसून अण्णा मुलाला फोन लावायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "ह्या वेळी कुठे?" कारण तो दर शनिवार-रविवार कुठेतरी गेलेला असायचा. कधी साल्झबर्ग, कधी प्राग, कधी वेरोना. शनिवारी सकाळच्या गाडीने जायचं, रविवारी रात्री परत. अण्णा ती नावं आम्हाला अशी सांगायचे की जणू म्हैसाळ आणि जयसिंगपूर. प्रागचा पूल कुठला, साल्झबर्गचा किल्ला किती उंच, सगळं त्यांना फोटोंवरून ठाऊक. ज्या माणसाने नळसुद्धा फोटोवर घेतला नाही, तो मुलाचं सगळं आयुष्य फोटोवर बघत होता.

माझी बायको एकदा भांडी उचलता उचलता बोलून गेली, "एवढी गावं फिरतो, त्याला इकडचाच रस्ता तेवढा सापडत नाही वाटतं."

"थंडीत येणार म्हणालाय," अण्णा म्हणाले.

हे थंडीत येणं तीन-चार वर्षं चाललं होतं.

आमच्या दुबईत प्रत्येक मराठी घराची पाहुण्यांना फिरवायची एक फेरी ठरलेली असते. गावाहून कुणी आलं की पहिल्या दिवशी उंच इमारत, दुसऱ्या दिवशी वाळवंट, तिसऱ्या दिवशी सोनं. अण्णांना ती फेरी पसंत नव्हती. ज्याने युरोप बघितला त्याला इमारती काय दाखवायच्या, असं त्यांचं म्हणणं. मुलाला पूर्वेकडे न्यायचं, डोंगर ओलांडून फुजैराला, समुद्रावर. आणि न्यायचं तर आधी बघून यायला हवं. गाडी माझी, म्हणून बघून यायला मी.

किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. नव्या रस्त्याने लवकर पोचतो, पण बोगद्यातून पाहुण्याला काय दिसणार, म्हणून आम्ही मसाफी गावावरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने. चहा कुठल्या टपरीवर घ्यायचा, स्वच्छ बाथरूम कुठल्या पेट्रोल पंपावर, मासे कुठे ताजे, हे त्यांनी एकेक करून ठरवलं. एकदा चहा आवडला पण समोर कचऱ्याचा डबा होता, म्हणून ती टपरी बाद. मागच्या सीटवर भडंगाचा डबा असायचा. तो मुलाला आवडतो म्हणून बरोबर घ्यायचा होता, आणि प्रवासात तो किती वेळ कुरकुरीत राहतो हेही बघायचं होतं.

मसाफीच्या बाजारात ते माझा धंदा बुडवायचे. मी पठाणाशी गालिच्याचा भाव करत असायचो, तो जवळजवळ माझ्या आकड्यावर आलेला असायचा, आणि अण्णा मागून म्हणायचे, "द्या हो शेठ, उन्हात बसलाय तो." पठाण लगेच ताठ व्हायचा. "बाबूजी समझते हैं," तो मला सुनावायचा, "आप नहीं समझते." मी खलास म्हणून गाडीत जाऊन बसायचो. बाबूजी मागून गालिचा खांद्यावर घेऊन यायचे. मुलगा आला की त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवणार?

फुजैराच्या पुढे समुद्राकाठी एक दगडी कठडा आहे. त्याच्या टोकाला एक खजुराचं झाड, पाण्याकडे वाकलेलं. दूरवर जहाजांची रांग. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, ही बंदरात का जात नाहीत? अण्णांनी आधीच कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. "ती आत येत नाहीत. बाहेरच थांबतात, तेल भरतात आणि पुढे जातात."

मुलाचा फोटो त्या झाडाशी काढायचा, हे नक्की झालं. त्यासाठी अण्णा मला झाडाशी उभं करायचे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. समुद्र पूर्वेला. सकाळी सूर्य पाण्यावर असतो, त्यामुळे माणसाचा चेहरा काळा येतो. पाचनंतर मागच्या डोंगराची सावली पडते. शेवटी त्यांनी निकाल दिला, "चारनंतर. चारनंतरचं ऊन सरळ चेहऱ्यावर येतं."

मग कंपनीने सांगितलं की वयामुळे अण्णांचा व्हिसा पुढे वाढणार नाही. मार्चअखेर खोली सोडायची आणि मिरजेला जायचं. हे तुम्हाला ठाऊकच असेल, इथे माणूस नोकरीपुरता राहतो. अण्णांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. फक्त रविवारच्या फोनवर मुलाला म्हणाले, "मार्चपर्यंत मी इथे आहे. तेवढ्यात एक शनिवार-रविवार काढ. नंतर तुला दाखवायला इथे कुणी नसेल." तो म्हणाला, बघतो बाबा, नक्की बघतो. अण्णांनी खोलीला रंग लावून घेतला. जी खोली दोन महिन्यांत सोडायची, तिला.

फेब्रुवारीतला रविवार. जेवणं चालली होती. माझी मुलगी कॉलेजात, जेवताना फोन सोडत नाही. अण्णांनीच कधीतरी हौसेने तिला सांगितलं होतं की आमचे चिरंजीव फोनवर फोटो टाकतात ते बघत जा, तेव्हापासून ती बघायची. ती एकदम खुशीत म्हणाली, "अंकल, यू नेव्हर टोल्ड अस ही वॉज हियर." आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

मी खुर्चीतून वाकून बघितलं. दगडी कठडा. वाकलेलं खजुराचं झाड. मागे जहाजं. मुलगा आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली एक मुलगी, जर्मनच असावी. खाली गावाचं नाव नव्हतं. माझ्या मुलीने त्या झाडाशी काढलेल्या माझ्या फोटोंवरून जागा ओळखली होती.

अण्णांनी हात पुसला. चष्मा काढला, पुसला, घातला. फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. गोडाऊनमध्ये नळ बघायचे तसे.

"सकाळी गेले असणार," ते म्हणाले. "चेहरा काळा आलाय. मी असतो तर चारनंतर नेलं असतं."

माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती ताट घेऊन आत गेली.

माझं डोकं फिरलं. ही जागा त्याला कुणी सांगितली होती? बापानेच, फोनवर, शंभरदा. बापाचा रस्ता घेतला, बापाचं झाड घेतलं आणि बापाला दीड-दोन तासांवर सोडून विमानात बसला. मी फोन उचलला आणि त्याचा नंबर काढला. अण्णांनी माझ्या फोनवर पंजा ठेवला.

"विचारतो तरी," मी म्हणालो.

"विचारलंत की तो खोटं बोलेल, शेठ. माझ्याशी आजवर खोटं बोललेला नाही. कशाला बोलायला लावता?"

"आणि हे काय आहे?"

"हे नुसतं न सांगणं आहे."

त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली, बायकोच्या देखत. मुलाला मी कधीही काही विचारायचं नाही आणि कळू द्यायचं नाही. जेवण झाल्यावर नेहमीसारखा त्यांनी सोफ्यावर बसून फोन लावला. जेवलास का, थंडी किती आहे, एवढं बोलले. ह्या वेळी कुठे, तेवढं त्या दिवशी विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही.

हा सौदा मला आजही पटलेला नाही. ज्या माणसाने एका सैल मुठीसाठी माझा सगळा माल परत धाडला, त्याने पोटच्या पोराचा माल खोकं न उघडता पास केला. वर मला गप्प बसवलं. मी त्यांना हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, तुमचा राग बरोबर आहे. पुढचं वाक्य या वेळी त्यांच्याकडे नव्हतं.

जाण्याच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले, "एकदा जाऊन येऊ." आता काय बघून यायचं राहिलं, हे मी विचारलं नाही. जुन्या रस्त्याने गेलो. ठरलेल्या टपरीवर चहा घेतला. भडंगाचा डबा मागच्या सीटवर होता, पण कुणी उघडला नाही. मसाफीच्या पठाणाने हाक मारली, "बाबूजी, बेटा आया?" अण्णांनी हात हलवला, हो की नाही ते त्याला कळलं नसेल.

कठड्याशी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अण्णा गाडीत बसून राहिले. चार वाजल्यावर उतरले, झाडाशी जाऊन मुलगा उभा होता नेमके तिथेच उभे राहिले आणि शर्ट नीट केला. "काढा आता." मी काढला. त्यांनी बघितला. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्वच्छ दिसत होती.

"आता बरोबर आलाय," ते म्हणाले. "पण हा त्याला पाठवायचा नाही हं, शेठ."

मिरजेला ते फार दिवस राहिले नाहीत. दिवाळीच्या आधीच झोपेत गेले. दाराला आतून कडी, शेजाऱ्यांनी दार फोडलं. मला मुलाचा मेसेज आला. त्याने लिहिलं होतं की काका, तेराव्याला फ्रेम करायची आहे, बाबांचा चांगला फोटो घरात एकही नाही. सगळे माझेच फोटो त्यांच्या फोनमध्ये आहेत. तुमच्याकडे असेल तर पाठवा.

फोटो होता. एकच चांगला होता. तो जसाच्या तसा पाठवला असता तर मला एक शब्दही लिहावा लागला नसता. झाड, कठडा, जहाजं, त्याला सगळं उमगलं असतं, आणि चितेची राख निवायच्या आत उमगलं असतं. बोट तिथवर गेलं होतं, हे मी नाकारत नाही. बायको समोर बसली होती.

मी फोटो कापला. झाड काढलं, कठडा काढला, समुद्र काढला. नुसता चेहरा ठेवला आणि पाठवला.

थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. "थँक्यू काका. चेहऱ्यावर उजेड किती छान आलाय. कुठे काढलाय?"

मी लिहिलं, "चारनंतर काढलाय."

त्याने जोडलेले हात पाठवले. ती फ्रेम आता मिरजेच्या बंद घरात भिंतीवर असेल. समुद्र माझ्याकडे आहे.