भाऊसोंची फुंक
सिद्धार्थनगरातल्या भाऊसो कांबळ्यांच्या बँडचा नियम साधा होता. ज्याचं स्वतःचं वाद्य, त्यालाच रांगेत जागा. मग ती मालकाची सख्खी पोरगी का असेना! अक्षता दुपारी बाप झोपला की त्याचं क्लॅरिनेट काढून शिकली, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, बापालाही होतं. बोलत कोणी नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली जयंतीची मिरवणूक तोंडावर आली आणि तिने लक्ष्मीपुरीच्या बाजारातून कुठल्याशा शाळेच्या बँडमधलं जुनं क्लॅरिनेट उचलून आणलं. बापाला पटलं नाही तर संध्याकाळी परत, अशी विकणाऱ्याशी बोली होती.

भाऊसो वाद्य पारखायला बसले की मुलगी बघायला आलेल्या पावण्यांसारखे गंभीर व्हायचे. नळी उजेडाकडे धरून त्यांनी आरपार पाहिली. चीर नव्हती. सांध्यांवरचं बूच चाचपलं, तेही धड. मग वरच्या तुकड्याची सगळी भोकं बोटांनी दाबून, खालचं तोंड तळव्याने बंद करून हवा ओढली. तळवा काढताच फट्‌ आवाज झाला. म्हणजे हवा कुठूनच गळत नव्हती.

भाऊसोंनी फुंकायच्या टोकाला नवी पत्ती बसवली, गाल फुगवले आणि फुंकलं. क्लॅरिनेट किंचाळलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच.

"शाळंतल्या पोरांचं खेळणं हाय ह्ये. दे जा परत."

अक्षताला रडू फुटायचंच बाकी होतं. तरी तिने ते ओठांना लावलं. बाप जागा होईल या धाकाने ती कायम हळूच फुंकत आलेली, तशीच आताही फुंकली. सूर असा मोकळा निघाला की आई अंजना पिठाच्या हातांनी चुलीपासून उठून आली.

भाऊसोंनी खुंटीवरचं आपलं क्लॅरिनेट एकवार पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या क्लॅरिनेटच्या भोकं झाकणाऱ्या गाद्या झिजून चाळण झाली होती. वरातीच्या गोंगाटात त्यातून सूर काढायचा म्हणजे छाती फुटेस्तोवर फुंकावं लागे, आणि तीच सवय हाडांत मुरली होती. धडधाकट वाद्याला ती फुंक सोसली नाही.

"नेऊ का परत?" अक्षताने भीत भीत विचारलं.

"परत कशाला? जयंतीला म्होरं, माझ्या जागंवर हुबी ऱ्हा. आन्‌ आदी मला दाव, हळू कसं फुकायचं त्ये."

अक्षताने लगेच क्लॅरिनेट तोंडाला लावलं, पण हसू आवरेना, त्यामुळे बराच वेळ तिला फुंकताच येईना.