अमावास्येची भरती
जुनं कॅलेंडर भिंतीवरून काढताना एका अमावास्येभोवती मी केलेली लाल खूण दिसली आणि परंदवडीच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. सत्तरीपर्यंत आईने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून अलिबागेपलीकडचा समुद्र आणि तिथल्या खाडीतलं खारफुटीचं राखीव कांदळवन तिला दाखवायचंच असं मी ठरवलं होतं. आमची गाय आईखेरीज कुणाला धार काढू देत नसे, त्यामुळे पहाटे साडेपाचला निघून संध्याकाळी सहाला परतणं भाग होतं. कागदावर जाण्यायेण्याचे सात तास वजा केले, तर सकाळी नऊ ते दुपारी अडीच एवढाच वेळ उरला; मग मी तिथल्या होडीवाल्याला फोन केला. “दुपारी बाराची भरती अमावास्या-पौर्णिमेलाच, भाऊ. एरवी होडी चिखलात बसेल,” तो म्हणाला. पौर्णिमेला मला रजा नव्हती. त्या संध्याकाळी शेण काढता काढता आईने सुनावलं, “आवसंला घर सोडायचं? लय शिकलास!” मी कागदावरचे तास तिला पुन्हा वाचून दाखवले. गोठ्यातली ओली पेंढी बाजूला सारत ती म्हणाली, “ती होडीवाली मान्सं आवसंला घरी बसत्यात व्हय?” “नाही, उलट त्याच दिवशी त्यांना जास्त काम असतं,” मी म्हणालो. तिने शेणाची पाटी उचलून बाहेर नेली. अमावास्येच्या पहाटे मी उठलो, तेव्हा धार काढून झाली होती आणि आई नवं लुगडं नेसून गाडीपाशी उभी होती. “चल, पाणी आपल्यासाठी थांबायचं न्हाई,” ती म्हणाली. अजूनही घरात कुणी तिथी बघून निघायला कुरकुरलं, की तिचं ते वाक्य मीच म्हणतो.