आबांच्या हाताखाली

कामशेतच्या भातगिरणीत काही मोडल्याचा आवाज झाला की सगळे जागच्या जागी थिजायचे. आबा मात्र लगबगीनं यायचे आणि आधी विचारायचे, "हातपाय शाबूत हायती न्हवं सगळ्यांचं?" मग मोडक्या तुकड्यापाशी उकिडवे बसून त्याला निरखत राहायचे. राग नाही, आरडाओरडा नाही. ते गिरणीचे मिस्त्री. इंजिन, पट्टे आणि आम्ही आठ बायका, सगळं त्यांच्याच हाताखाली.

आम्ही दिवसभर तांदूळ चाळायचो. संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. एकदा मी सहज बोलून गेले, "आबा, इंजिन येवढं हलतंय, त्यानंच चाळण हलवली तर?" दुसरा कुणी हसला असता. आबांनी हातातला पाना खाली ठेवला. "कशी हलवायची? दाव." सांडलेल्या कोंड्यात मी बोटानं रेघा ओढल्या. त्यांच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून आबांनी भोवती चार विटा ठेवल्या.

बाकीच्या बायकांना ते रुचलं नाही. वडिवळ्याची सोनाबाई तोंडावर म्हणाली, "चाळण आपणच हलाया लागली तर आमी कुटं जायाचं?"

"खरं बोललीस," आबा म्हणाले. "एकीलाबी घरी बसू देणार न्हाई, ह्यो माजा शब्द. तुमचा जीव धजत नसंल तर चाळणीला हातच लावायचा न्हाई." शेवटी चाळण तुळईला टांगताना सोनाबाईनंच दोऱ्या आवळून बांधल्या.

भर हंगामात, शेठ पुण्याला गेलेले असताना, आम्ही ती चाळण इंजिनाच्या पट्ट्याला जोडली. दहा-बारा हिसके छान बसले. मग दोरी तुटली, चाळण भिंतीवर आदळली आणि पट्टा फाटला. आंबेमोहोर कोंड्यात मिसळून गेला. गिरणी तीन दिवस बंद. भाताच्या गाड्या रस्त्यावर खोळंबल्या.

शेठ आले ते ओरडतच. "कुणाचं हे डोकं?"

मी पुढे होण्याच्या आत आबा म्हणाले, "माजं. जोडायला मीच सांगितलं."

शेठनी सगळ्यांदेखत इंजिनघराची किल्ली काढून घेतली आणि त्यांना पोती शिवायला बसवलं. एवढा जाणता माणूस, हातात दाभण घेऊन दारात. मी रडत त्यांच्याकडे गेले, तर म्हणाले, "रडतीस काय, गोदे? दोरी कुटं तुटली ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. मग जाऊन पाहिलं. गाठीपाशी नव्हे, लाकडाच्या धारेला घासून ती तुटली होती. उन्हाळ्यात गिरणी थंडावल्यावर आम्ही ती धार तासली, दोरीच्या जागी चामड्याची वादी लावली, शेठनी इंजिनघर उघडून दिलं, आणि चाळण चालली. शेठनी किल्ली आपण होऊन परत दिली. कुणीही घरी बसली नाही. चाळण्याचं काम कमी झालं तशा चौघी भात वाळवण्याकडे गेल्या.

पुढे आबांची नजर अधू झाली. ते तिकोणा पेठेला आपल्या घरी गेले. नवे मिस्त्री आले, हुशार होते. त्यांच्या काळात काही मोडलं नाही. कुणी काही करून बघितलंच नाही.

एका चैत्रात मी आबांना भेटायला गेले. ओसरीवर बसले होते. दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. "गोदे, हल्ली काय नवं करताय?"

काहीच नाही, हे मला सांगवेना. मी तिथल्या तिथे रचून सांगितलं, की तांदळातले खडे वेगळे करायला उतरती फळी बसवतोय.

ते पुढे सरकले. "पहिल्यांदा मोडली का?"

"मोडली, आबा."

"कुणी बोललं का तुमास्नी?"

"न्हाई."

"मग व्हईल," म्हणाले आणि कितीतरी वेळ स्वतःशीच हसत राहिले.

त्याच पावसाळ्यात ते गेले. त्या फळीबद्दल मिस्त्रींना विचारायला मी तीनदा इंजिनघराच्या दारापर्यंत गेले, आणि तीनदा तशीच मागे फिरले.