दोन चांदण्यांची कमेंट

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी बातमी होती की माझ्या मावशीचं कुणाशी तरी जमलंय, आणि माणूस काही बरा नसावा. पुरावा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. दुपारी मावशीचा आवाज त्यांच्या खिडकीत जायचा. आईला जिन्यात गाठून, इकडेतिकडे बघून काकू सांगायच्या, "अहो, काल म्हणत होती, 'मला फक्त खोलीचं नाव द्या. नाव नाही दिलंत तर मी काहीच करणार नाही, गप्प बसेन.' आता खोलीचं नाव कशाला हवं, सांगा ना! मला मेलीला काय करायचंय म्हणा." काकूंना काय करायचंय, ते त्यांच्या भुवया सांगायच्या.

तर काकू, ऐका. मावशी प्रोग्रॅम लिहिते, जावास्क्रिप्टमध्ये. तिच्या छोट्या कंपनीचा प्रोग्रॅम काचघरं चालवतो. रोपांवर फवारा कधी, पंखा कधी, उन्हाचा पडदा कधी ओढायचा, हे सगळं तोच ठरवतो. कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मावशी साध्या भाषेत लिहून ठेवते की याला काय द्यायचं आणि हा बदल्यात काय करेल. याला कमेंट म्हणतात. मग एक ओळ टाइप केली की एक टूल सगळ्या फायली चाळतं, त्यातल्या कमेंट वेचून घेतं आणि त्यांची पानं करून देतं. आख्खी माहितीपुस्तिका, आपोआप. ग्राहकांचे लोक ती वाचून आपली यंत्रं जोडतात. मावशी प्रत्येक कमेंट आधी मोठ्याने म्हणून बघते. "बोलताना जे अडखळतं ना, ते वाचताना पण अडखळतं गं." काकूंचा तो खोलीवाला माणूस म्हणजे एक फंक्शन आहे, कोडचा असाच एक तुकडा. काचघरातल्या कुठल्या खोलीत फवारा सोडायचा, तेवढं त्याला सांगावं लागतं. स्वभावाने चांगला आहे.

मावशीने ती काचघरं कधी पाहिलेली नाहीत. ती आमच्या मागच्या खोलीत बसते, पडदा अर्धा ओढून. दुपारचा उजेड पडद्यातून गाळून येतो आणि भिंत चहाच्या रंगाची होते. टूल चालू झालं की स्क्रीनवर फायलींची नावं सरसर वर जातात, आणि ती हनुवटीखाली हात घेऊन बघत राहते. "आत्ता तिकडे फवारा सुटला असेल," म्हणते. "काचेवर आतून धुकं धरलं असेल. कुणीतरी बोटाने त्यावर रेघ ओढली असेल." मग डोळे अर्धे मिटतात. मी विचारलं, "मावशी, काम करतेयस की झोपलीयस?" तर म्हणाली, "दोन्ही. वेगवेगळं करायला वेळ कुठे आहे?"

आता चांदण्यांचं. चांदणी म्हणजे कीबोर्डवरची * ही खूण. तिरक्या रेघेपुढे दोन चांदण्या काढल्या की ती कमेंट टूलला दिसते आणि पुस्तिकेत जाते. एकच चांदणी असेल तर टूल तिला ओलांडून पुढे जातं. ती घरातली कमेंट, फक्त कोड वाचणाऱ्यांसाठी. मावशीने एका चांदणीखाली काय काय लिहून ठेवलं होतं! "हे फंक्शन मंगळवारी उदास असतं, कारण कळलेलं नाही." "इथे पाणी क्षणभर विचार करतं असं मला वाटतं." आणि फवाऱ्याच्या एका फंक्शनवर: "इथली वाट बघणं मुद्दाम आहे. पानं ओली असताना लगेच पंखा लावला तर रोपं दचकतात. त्यांना थोडं ओलं राहू द्या."

एका दुपारी तिला फवाऱ्याच्या फायलीतली एकच कमेंट पुस्तिकेत घालायची होती. तिने शोधा-आणि-बदला वापरलं आणि, पेंगत होती म्हणा किंवा काचघरात होती म्हणा, 'एक बदला'ऐवजी 'सगळं बदला' दाबलं. सगळ्या एकट्या चांदण्यांच्या जोड्या झाल्या. टूलने निमूटपणे सगळं वेचलं. पुस्तिका ग्राहकांकडे गेली.

मावशीच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. हे साहेब श्वाससुद्धा 'बेसिकली' म्हणून घेतात. "बेसिकली, हे काय आहे? पाणी विचार करतं? बेसिकली, आपण कवितासंग्रह विकतो का? आत्ताच्या आत्ता काढा सगळं. आणि पुढच्या महिन्यापासून कमेंट तुम्ही लिहू नका. मशीन लिहील. कोड वाचून आपोआप. तुम्ही बेसिकली कोड करा."

मावशीने "हो साहेब" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ती स्क्रीनकडे बघत राहिली, पण या वेळी काचघरात नव्हती. खोलीतच होती, हे स्पष्ट दिसत होतं. कोड लिहिणं तिला येतं. आवडतं ते कोडच्या डोक्यावरचं बोलणं, आणि तेच जाणार होतं.

तिला हसवावं म्हणून मी ते मशीन करून दाखवलं, नाकातून: "फवारा सुरू करा. हे फंक्शन फवारा सुरू करते. फवारा म्हणजे फवारा."

ती हसली नाही. म्हणाली, "आणि ते बरोबरच असेल गं. चूक काहीच नसेल त्यात."

"अगं पण मावशी, तसंही ती पानं वाचतं कोण? तू उगाच जीव टाकतेस."

"वाचतं कुणीतरी."

"कुणी नाही वाचत! लोक नाव बघतात, कंसात काय टाकायचं ते बघतात, की पळतात. खाली कुणी उतरत नाही. लाव पैज."

तिने एक एक कमेंट पुन्हा एका चांदणीवर आणायला घेतली होती. हात न थांबवता म्हणाली, "लावली. एक जरी माणूस निघाला तर तू हरलीस. ते ओलाव्याचं फंक्शन आहे ना, त्याच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही. ते तू लिहायचं."

"आणि मी जिंकले तर काकूंच्या घरी जाऊन तुझी नक्कल करणार. खोलीचं नाव द्या वगैरे."

"कर."

पुढच्या आठवड्यात, पुन्हा दुपारीच, साहेबांचा फोन आला. मावशीने स्पीकर लावला. "बेसिकली," साहेब जरा दबक्या आवाजात म्हणाले, "एका ग्राहकाचा मेकॅनिक लाइनवर आहे. मला काही कळत नाहीये. तुम्हीच बोला."

मेकॅनिकचा आवाज मोठा होता, मागे पंख्यांची घरघर. "मॅडम, ते रोपं दचकतात वालं पान कुठे गेलं हो? शोधून शोधून थकलो."

मावशी सावरून बसली. "ते... चुकून गेलं होतं. काढलंय."

"का काढलं? अहो, आमच्याकडच्या प्रोग्रॅममधली ती वाट बघायची ओळ मी उडवून टाकली होती. म्हटलं, कुणीतरी उगाच टाकलीय, टाइम खाते. ते वाचलं, मग परत घातली. आता आमचा नवा गडी विचारतो, पंखा लगेच का नाही लागत? म्हटलं थांब, तुला पान दाखवतो. तर पानच गायब! मला काही त्या लिहिणाऱ्यासारखं सांगता येणार नाही."

"ती लिहिणारी मीच," मावशी म्हणाली.

मग तो म्हणाला, "असं होय. मग एक सांगा, ते मंगळवारचं खरंय का हो? आमच्याकडे तर बुधवारी होतं."

साहेब लाइनवरच होते. त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "बेसिकली, ते पान परत लावा. बाकीचीपण... तुम्हीच बघा काय ठेवायचं ते. मशीनचं राहू दे सध्या. मंगळवारचं मात्र काढा."

"बुधवार करू?" मावशीने विचारलं. साहेबांनी फोन ठेवला.

मी खुर्चीतून हळूच उठत होते. मावशीने मागे न बघता रिकामी फाइल उघडली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"पैज मेकॅनिकची नव्हती," मी म्हटलं. "त्याला कामच पडलं म्हणून वाचलं त्याने."

"मग काय करमणूक म्हणून वाचायचं होतं? बस."

बसले. तिरकी रेघ, दोन चांदण्या. खाली लिहिलं: 'हवेत ओलावा आहे का, हे विचारतं.' मोठ्याने म्हणून दाखवलं, माझ्याच आवाजात. मावशीने डोळे मिटून ऐकलं.

"कुणाला विचारतं?" ती म्हणाली.

तेव्हापासून मी इथेच बसलेय.