झेंडूवाली आणि माझा भोंगा

कौंडण्यपूरच्या जत्रेत त्या झेंडूवालीचं दुकान माझ्या गाडीला लागून होतं. लिलावात घेतलेली जुनी लष्करी गाडी हेच माझं घर आणि भांड्यांचं दुकान. तिला दोन बॅटऱ्या होत्या, एक इंजिनाची, दुसरी दिव्याची आणि भोंग्याची. मी भोंग्यावर सुरू झालो की बाई पाकळ्यांचे बोळे कानात कोंबायची आणि मान वर न करता हार ओवत राहायची.

शेवटच्या दिवशी भोंग्याची बॅटरी बसली. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी भोंगा इंजिनाच्या बॅटरीला जोडला. थोड्या वेळात तीही बसली. सकाळी अचलपूरचा बाजार गाठायचा होता. गाडी ढकलून सुरू करायला आजूबाजूच्या पोरांना एकेक चमचा देऊ केला, तर ते पातेलं मागू लागले. माझं डोकं फिरलं आणि मी भोंग्याशिवायच ओरडू लागलो.

बाईनं कानातले बोळे काढले. "काहून बोंबलून राहिले, भाऊ?"

"गाडी ढकलाले माणसं पायजे!"

ती उठली आणि बाजाराकडे तोंड करून ओरडली, "या रे सारे! हा भोंगा गावाबाहेर न्याचा हाये!"

अख्खा बाजार फुकटात धावला. इंजिन सुरू झालं. तिला द्यायचं झणझणीत उत्तर जिभेवर होतं, पण थांबलो असतो तर इंजिन पुन्हा बंद पडलं असतं. ते उत्तर अजून माझ्याकडे तसंच पडून आहे.