गॅरेजमधला पंप

शिऱ्या गेल्याचा मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी मनुरेवात घराच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानात, ब्रेड घेत होतो. मनात पहिलं आलं ते हे, की आता जानेवारीत तो सिनेमा दाखवणार कोण... स्वतःचीच लाज वाटली.

शिरीष माझा पुण्यापासूनचा मित्र. हॅमिल्टनबाहेर राहायचा, दुधाच्या कंपनीत इंजिनिअर होता. दर उन्हाळ्यात, इकडे तो जानेवारीत येतो, गॅरेजमध्ये पांढरी चादर टांगून आम्हा मराठी मंडळींना एकच जुना तुर्की सिनेमा दाखवायचा. थोरला भाऊ आपल्या जमिनीतला झरा अडवतो, खालची शेतं वाळतात आणि त्याच्या हावेची शिक्षा धाकटा भोगतो. यंदा तरी दुसरा लाव बाबा, म्हणत आम्ही भजी संपवायचो. शिऱ्या ढिम्म. म्हणायचा, दिग्दर्शकानं थोरल्याला राक्षस केलं नाही, यातच सगळं आलं. त्या माणसाला खरंच वाटतं, की पाणी माझं, मी देईन तेव्हा घ्या.

शेजारच्या लिंडाकडे पावसाच्या पाण्याची टाकी. एका उन्हाळ्यात ती आटली. शिऱ्याचं बोअर होतं, त्यानं लगेच कुंपणावरून नळी दिली. लिंडा रोज यायची, विचारायची, आभार मानायची. एके दिवशी शिऱ्याचा मला फोन, आवाज पडलेला.

"ती मागायला आली की मला बरं वाटायला लागलंय रे. वाट बघतो मी तिची. हे लक्षण काही चांगलं नाही."

त्याच शनिवारी त्यानं तेवढ्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा पंप लावला, कुंपणाखालून पाइप नेला आणि नळ तिच्या बाजूला बसवला. मी त्याला येड्यात काढलं. तेव्हापासून सिनेमा ऐन रंगात असताना गॅरेजच्या कोपऱ्यातला पंप आपोआप घरघरायचा. लिंडानं नळ सोडलेला असायचा. तुर्की संवाद बुडायचे, तसेही ते कुणाला कळत होते म्हणा! शिऱ्या मात्र खूश.

परवा आवराआवरीला गेलो. वहिनी लेकीकडे पोरिरुआला जाणार, घर विकायचंय. विकण्याआधी तो पाइप तोडून टाका, असं एजंटचं म्हणणं. पंप कित्येक दिवसांत वाजलाच नव्हता. लिंडाची टाकी यंदाही कोरडी, पण मालकच गेला, आता कसं वापरायचं, म्हणून बाई गावातून कॅन भरून आणत होती.

वहिनी म्हणाल्या, एजंटला सांगून टाकलंय, नळासकट घेईल त्यालाच घर. मग कुंपणाशी गेल्या. मी गॅरेजमध्ये चादर उतरवत होतो, दार उघडंच होतं. लिंडा चाचरत काहीतरी विचारायला लागली. वहिनींनी तिला मध्येच थांबवलं.

"मला नको विचारूस. नळ तुझ्या बाजूला आहे."

चादरीची घडी माझ्या हातात अर्धवट होती, तेवढ्यात कोपऱ्यातला पंप घरघरायला लागला.