मोंबासात वाळ्याची ताटी

फेब्रुवारीत मी मोंबासाहून परत आले, तेव्हापासून कॉलनीतल्या बायका मला ट्रॅव्हल एजंटच समजतात. काय पाहायचं, काय खायचं, वाघ दिसतो का? बायांनो, आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो. ताडोबाच्या इतक्या जवळ राहून हे सांगावं लागतं, याचा मला दरवेळी राग येतो.

मी काही पर्यटनाला गेले नव्हते. माझी मुलगी तिथे बंदराजवळच्या एका कंपनीत नोकरी करते. तिचा करार मार्चमध्ये संपत होता आणि पुढचं ती काही बोलत नव्हती. परत येणार की नाही, एवढं तिला समोर बसवून विचारायचं, हे काम आमच्या ह्यांनी माझ्यावर सोपवलं. स्वतः यायला मात्र साफ नकार. "मी काहून येऊ तिकडं? तिलेच घेऊन ये," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

बॅगेत मी भिवापुरी मिरचीचं तिखट घेतलं आणि साड्यांखाली गुंडाळून वाळ्याची ताटी, आपण कूलरला लावतो ती. पोरगी गरमीत राहते, तिची खोली गार करून द्यावी, असा माझा बेत. पहिल्याच दुपारी ती ऑफिसला गेल्यावर मी ताटी खिडकीला बांधली, भरपूर पाणी मारलं आणि पंखा सोडला. तिथल्या हवेत आधीच एवढी ओल, की ताटी वाळायचं नावच घेईना. संध्याकाळपर्यंत खोलीचं न्हाणीघर झालं. चादर दमट, उशी दमट, मी घामाने चिंब.

"हे काय करून राहिली वं आई?" मुलगी दारातच पोट धरून हसायला लागली. "इथं नाही चालत आपला कूलर!"

मी जाम चिडले. नागपूरचं ऊन कोरडं म्हणून कूलर चालतो, हा विचार जन्मात कधी करावा लागला नव्हता.

पण शहर मात्र बघावं असं आहे. उन्हं उतरली की जुन्या वस्तीत जा. गल्ल्या अरुंद, घरं साधी आणि दारं अशी कोरीव की दारासाठी घर बांधलं की काय असं वाटावं. मी प्रत्येक दारापाशी थांबायची, कोरलेल्या वेली मोजायची, पितळी खिळ्यांवर हात फिरवायची. आतली माणसं बाहेर डोकावून हसायची. समुद्राकाठी कसावा विकतात, रताळ्यासारखा कंद. तो भाजून वर लिंबू आणि तिखट. मी पर्समधून माझं तिखट काढून विकणाऱ्या बाईला चाखवलं. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि तिने हात पुन्हा पुढे केला. गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवून विकतात, त्याही खा. जीभ रंगते, पण चटक लागते.

हिंडताना माझं अर्धं लक्ष मुलीकडे असायचं. ती त्यांच्या भाषेत भाव करायची. अंडीवाल्याने तिला सर्दी बरी झाली का म्हणून विचारलं. सर्दी झाली होती हे मला, तिच्या आईला, ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा.

"विचारलं का वं?"

"आज किल्ला पाहिला."

"किल्ल्याले काय करू मी?"

मला विचारवत नव्हतं, कारण उत्तर येईल याची भीती वाटत होती.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही त्सावोच्या जंगलात गेलो. मोंबासाहून गाडीने काही तासांची वाट. तिथले हत्ती लाल असतात, तांबडे, विटेसारखे! मी ड्रायव्हरला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. तिथली माती लाल, हत्ती ती अंगावर उडवून घेतात. पाणवठ्यावर एक कळप होता, सगळ्या माद्या आणि पिल्लं. नर कुठे गेले, मी विचारलं. ड्रायव्हर त्याच्या भाषेत सांगत होता, मुलगी मला मराठीत सांगत होती.

"मुलगे मोठे झाले की निघून जातात. मुली मात्र जन्मभर आईजवळच..." ती मध्येच थांबली.

मी हत्तींकडेच बघत राहिले. माझ्या बाजूने कोणीतरी बोललं, म्हणून मनातून खूश झाले होते, खोटं कशाला बोलू?

"आई, मी हत्तीण नाही वं," ती हळूच म्हणाली. "मी नवा करार घेतला. तुले कसं सांगू, तेच समजत नव्हतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिने माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला आणि मग पुन्हा धरला. खूप वाईट वाटलं, पण रोजची ती भीती संपली.

जंगलाच्या फाटकापाशी रेंज आली आणि लगेच ह्यांचा फोन आला. मी सांगून टाकलं. पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"खूश आहे का पण पोरगी तिथं?" ह्यांनी विचारलं.

मुलगी गाडीला टेकून ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होती आणि दोघं मोठमोठ्याने हसत होती. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"आहे," मी म्हटलं.

मग ते खाकरले.

"पासपोर्ट काढाले काय काय कागद लागते वं?"